लाँचवरचं विमानाचं मशीन

आत्ता, हे वाचत असताना, तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलेंडरमध्ये किती गॅस उरला आहे, हे तुम्ही शपथेवर सांगू शकाल का? "असेल अजून आठवडाभर" असलं उत्तर चालणार नाही. किती किलो आहे, आणि तुमच्या घरच्या रांधण्यावर तो किती तास पुरेल, एवढं सांगा. नाही ना सांगता येत? मलाही येत नाही. अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात हे सांगू शकणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याच्याइतका शहाणा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. लोक त्याला अर्धवट म्हणायचे. म्हणोत बापडे. ज्यांच्या स्कूटरी भर रस्त्यात बंद पडतात आणि जे त्या आडव्या पाडून, हलवून, देवाचं नाव घेऊन पुन्हा चालू करतात, त्यांनी कुणाला अर्धवट म्हणावं याचाही मला राग येतो.

मी त्यांना चाचा म्हणत असे, कारण त्यांचा पुतण्या मुबीन त्यांना चाचा म्हणायचा, आणि मुबीनचं ऐकून मिरजोळ्याची सगळी औद्योगिक वसाहतच त्यांना चाचा म्हणू लागली होती. आमचा छापखाना आणि चाचांचं वर्कशॉप यांच्यामध्ये फक्त एक पत्र्याची भिंत होती. आमच्याकडे लग्नपत्रिका कमी आणि पत्रकं जास्त छापली जात. संपाची, मोर्चाची, बंद नळांची. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच "जाहीर निषेध" या दोन शब्दांवर. पलीकडे चाचा मासेमारीच्या लाँचची इंजिनं उघडून बसलेले असत. उंच, सडपातळ, कातरलेली पांढरी दाढी, आणि अंगात कायम तो निळा अंगरखावजा पोशाख, ज्याच्या खिशावर आखातातल्या कुठल्याशा फ्लाइंग क्लबचं पंखाचं चिन्ह शिवलेलं होतं. त्या क्लबात बावीस वर्षं ते छोट्या विमानांची इंजिनं सांभाळत होते. चार माणसं बसतील एवढीच विमानं, पण चाचा त्यांच्याबद्दल असं बोलत की जणू त्यांच्या दावणीला हत्ती होते.

अठ्ठ्याण्णव साली ते कायमचे परत आले. आखातातून येणारा माणूस काय आणतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. टेपरेकॉर्डर, ब्लँकेटं, मिक्सर, अत्तराच्या बाटल्या. चाचांनी आणलं एक मशीन, बिस्किटाच्या डब्यात, दोन बनियनांत गुंडाळून. मुंबईच्या विमानतळावर साहेबाने डबा उघडून विचारलं, "हे काय आहे?" चाचा म्हणाले, "तापमापक." "कुणाचा?" "इंजिनाचा." "मग इंजिन कुठंय?" यावर चाचांनी शांतपणे सांगितलं, "ता अजून मिळायचा हाय." साहेबाने म्हणे डब्याचं झाकण स्वतःच्या हाताने लावून दिलं. हा प्रसंग चाचा दर ईदला सांगत आणि दर ईदला चाची म्हणत, "साब समजला असेल, बिचाऱ्याला उन लागलाय."

त्या मशीनची गोष्ट अशी. क्लबातलं एक विमान उतरताना धावपट्टीवर आपटलं आणि मोडलं. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, पण विमान भंगारात गेलं. मालकाने चाचांना विचारलं, यातलं तुला काय हवं? दुसऱ्या कुणी खुर्च्या मागितल्या असत्या. चाचांनी वैमानिकासमोरच्या फळीतलं हे तळहाताएवढं गोल मशीन मागितलं. त्याच्या काचेत सहा उभे खांब उजळत. इंजिनाच्या सहा सिलेंडरांपैकी प्रत्येकातून बाहेर पडणारा धूर किती गरम आहे, हे एकेक खांब सांगे. खाली आकडे. आत्ता तासाला किती तेल जळतंय, आतापर्यंत किती जळालं, किती उरलं, आणि याच चालीने गेलात तर अजून किती तास, किती मिनिटं. वर हे सगळं ते दर काही सेकंदांनी स्वतःच्या पोटात लिहून ठेवी. नंतर तार जोडून ते सगळं संगणकावर उतरवून घेता येत असे. "वैमानिक खोटा बोलेल," चाचा म्हणत, "त्याची बायको खोटा बोलेल, पण ह्या खांब खोटा बोलनार नाय."

इंजिन अर्थातच मुबीनच्या लाँचचं मिळालं. मुबीन म्हणजे चाचांच्या भावाचा मुलगा. आईबाप आखातात, आणि हा तीन वर्षांचा असल्यापासून चाचीच्या पदराखाली वाढलेला. चाचीला स्वतःचं मूल नव्हतं, आणि मुबीन असल्यामुळे ते नसल्याचं तिला कधी आठवलंही नसावं. त्याच्या लाँचच्या इंजिनालाही सहाच सिलेंडर होते, एवढ्या एका गोष्टीवर चाचांनी ठरवून टाकलं की मशीन आणि लाँच यांची सोयरीक वरूनच जुळून आलेली आहे. दोन महिने ते धुराच्या नळ्यांना भोकं पाडत आणि तारा ओढत बसले होते. डिझेलच्या इंजिनात न जळलेलं तेल पुन्हा टाकीकडे परततं. ते मशीनने दोनदा मोजू नये म्हणून त्यांनी मध्ये एक छोटं भांडं बसवलं. परतलेलं तेल त्या भांड्यातच यायचं, आणि मशीनला दिसायचं ते फक्त खरोखर जळलेलं तेल. खाऱ्या हवेने मशीन खराब होऊ नये म्हणून ते त्यांनी चाचीच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत बसवलं आणि बरणी सुकाणूशेजारी ठोकली. खलाशी पहिले काही दिवस तिला सलाम करून आत जात.

बंदरावर हसण्याला ऊत आला. "काय रे मुबीन, उडनार कधी?" "तिकीट किती घेतांव?" एकाने तर लाँचच्या दोन्ही बाजूंना खडूने पंख काढून ठेवले. चाचांनी ते पुसले नाहीत. उलट बारकाईने पाहून म्हणाले, "डावा पंख आखूड हाय. ही लाँच गोल गोल फिरल." मग ते मुबीनला घेऊन समुद्रात गेले आणि चालत्या इंजिनावर त्याला एकच गोष्ट शिकवली. वेगाचा दांडा बोटभर मागे घे आणि खांबांकडे बघ. खांब उतरतात, तेल जळायचं केवढं तरी कमी होतं, आणि लाँच किती मंदावते? चालवणाऱ्या माणसाला कळणारही नाही इतकी. "घोड्याला पळवून तू काय कमावलास?" त्यांनी विचारलं. "मासा काय घड्याळ बघून बसलाय?" त्या मोसमात मुबीनची लाँच इतरांएवढ्याच तेलात जास्त वेळ जाळं ओढू लागली, आणि पंख काढणारा माणूस हळूच येऊन विचारून गेला की असलं मशीन अजून एखादं मिळेल काय.

पण चाचांचं वेड लाँचपुरतं थांबणारं नव्हतं. मोजल्याशिवाय जळणारी कुठलीही वस्तू त्यांना सहन होत नसे. घरचा सिलेंडर ते दर शुक्रवारी नमाजानंतर ताणकाट्यावर टांगत आणि चाचीला आतून ओरडून सांगत, "आठ तास चाळीस मिनटं!" चाची चुलीपासून ओरडे, "तुमच्यात किती उरलाय ता पण बघा त्या काट्यावर!" रिक्षात बसण्याआधी ते रिक्षावाल्याला विचारीत, पेट्रोल किती आहे? "हाय की चाचा, भरपूर" असं कुणी म्हटलं की ते दुसऱ्या रिक्षाकडे वळत. शेवटी मिरजोळ्याच्या स्टँडवर त्यांना लांबून येताना पाहूनच आवाज येई, "दीड लिटर, चाचा, दीड लिटर! बसा!" लाँचच्या तेलाचा तर त्यांचा कायदाच होता. तीन हिस्से करायचे. एक जायला, एक यायला, आणि एक अल्लाच्या नावाचा. त्या तिसऱ्या हिश्शाला हात लावायचा नाही. हा कायदा ते जेवणालाही लावीत. लग्नात दोन हिस्से बिर्याणी झाली की हात आखडता घेत, आणि वाढणाऱ्याला गंभीरपणे सांगत, "परत जायचाय."

माझ्यावरही त्यांनी तो काटा चालवला. डिझेलच्या टंचाईविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं. तेवीस वर्षांची होते मी, आणि त्या पत्रकात "प्रचंड" हा शब्द पाच वेळा आला होता. चाचांनी भिंतीपलीकडून मान घालून कच्चा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "काय गो बाय, प्रचंड म्हंजे किती लिटर?" मी चिडले. म्हटलं, चाचा, हे पत्रक आहे, यात माणसांचा संताप आहे. "संताप असू दे," ते म्हणाले, "पन किती लाँची तेलाशिवाय बंदरात उभ्या हायत, ता लिही. वाचनारा घरी बसून मोजल आन् त्याचा त्योच संतापल." मी दोन दिवस बंदरावर हिंडून लाँची मोजल्या. ते माझं पहिलं पत्रक जे लोकांनी वाचून खिशात ठेवलं. त्याआधीच्या पत्रकांत लोक भजी बांधून नेत.

दर फेरीनंतर चाचा मशीनच्या पोटातलं टिपण एका जाडजूड जुन्या लॅपटॉपवर उतरवीत आणि आमच्या छापखान्याच्या प्रिंटरवर छापायला आणत. सलग कागदाची वळकटी निघे, त्यावर सहा रेघा चढत उतरत गेलेल्या. ती ते वर्कशॉपच्या दोरीवर कपड्यांसारखी वाळत घालत आणि काठीने दाखवत चाचीला वाचून दाखवत. "ह्या बघ, हितं जाळा टाकला, रेघा चढल्या. हितं जाळा उचलला. हितं तिसरा नंबर जरा कन्हतोय, त्याचा नोझल साफ करायला हवा." एकदा एका कागदावर ते बराच वेळ थांबले. परतीच्या वाटेवर, पूर्णगडाच्या समोर, वीस मिनिटं इंजिन अगदी हळू चाललेलं. जाळं नाही, काही नाही. "ह्या काय?" त्यांनी मुबीनला विचारलं. मुबीन म्हणाला, लाटा होत्या. चाचा म्हणाले, "लाटा असत्या तर रेघ थरथरली असती. ही रेघ लाजतेय." पूर्णगडला मुबीनची सोयरीक चालू होती, आणि मुलीच्या घरच्यांना लाँच दिसावी म्हणून त्याने ती किल्ल्याखालून मिरवत नेली होती. अख्खं घर आठवडाभर हसत होतं. लग्न पुढे तिथेच झालं.

या मशीनच्या भरात चाचांच्या हातून एक गोष्ट झाली. प्रत्येक लाँचवर तेल बघायची बांबूची काठी असते. टाकीच्या नळीतून आत घालायची, बाहेर काढायची, ओली किती झाली ते बघायचं. मशीन आल्यावर दुसऱ्याच वर्षी चाचांनी मुबीनच्या लाँचवरची काठी कापली आणि तिचे तुकडे चाचीच्या मिरचीच्या रोपांना टेकू म्हणून लावून टाकले. "आता काय आंधळ्यासारखा चाचपडायचा नाय," म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. हे मी कबूल करते, कारण पुढे जे झालं त्याचा दोष एकट्या चाचांवर जाऊ नये.

दोन हजार सालानंतरची, जानेवारीतली गोष्ट. मुबीनला ताप आला म्हणून एक फेरी दुसऱ्याच एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे लाँच हाकणाऱ्याने, आपले खलाशी घेऊन बदलीवर केली. फेरी नीट झाली. मुबीन बरा झाला तेव्हा कोळंबी जोरात लागली होती आणि पंपावर तेल कमी आलं होतं. मिळालं तेवढं भरलं, मशीनला तेवढ्याचा आकडा सांगितला, मशीनने आधीचं उरलेलं त्यात मिळवून सांगितलं, सव्वीस तास. फेरी चोवीस तासांची. तिसरा हिस्सा राहत नव्हता. मुबीन चाचांच्या मागे लागला, "चाचा, मशीन मिनटामिनटाचा सांगतोय. दोन तास वर हायत. मना जाऊ दे." चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला कायदा मोडला. "खांबांवर नजर ठेव," एवढंच म्हणाले. लाँच दुपारी बाराला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ती यायला हवी होती. एक वाजला. दीड झाला. समुद्रावर तेव्हा फोन लागत नसत, आणि मुबीनची वायरलेस दुरुस्तीला आमच्याच शेजारी चाचांच्या टेबलावर पडलेली होती. चाची वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही, रडणं नाही. फक्त विचारलं, "माजा पोर खंय हाय?" चाचा दोरीवरचे जुने कागद बघत होते. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, "मशीन लाँचवर हाय. माझ्याकडं आधीचीच फेरी हाय. तीच बघतो." बदली तांडेलाच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. भर समुद्रात पस्तीस मिनिटं सहाही रेघा खाली. इंजिन चालू, पण नुसतं गुरगुरत उभं. त्यांनी हा कागद आधीही पाहिला होता, तेव्हा "म्हातारा झोपला असल" म्हणून सोडून दिला होता. आता त्यांचा चेहरा उतरला. "बाय," म्हणाले, "पस्तीस मिनटं लाँच लाँचीला लावून उभी होती. कुनाला तरी तेल दिलाय ह्यानं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या किनाऱ्यावर समुद्रात कुणी तेल मागितलं, पाणी मागितलं, तर द्यायचं. हिंदू असो, मुसलमान असो, ओळखीचा असो वा नसो. आणि दिलेल्याची जमिनीवर वाच्यता करायची नाही. बोललं की बरकत जाते. मोठी माणसं आहेत ही. मी कितीतरी पत्रकांत माणुसकीबद्दल लिहिलं, पण माणुसकी अशी मुकाट्याने करणाऱ्यांपैकी एकालाही मी कधी ओळखू शकले नव्हते. पण मशीनला टाकीच्या आत डोळे नसतात. ते फक्त मोजतं. भरताना तुम्ही सांगितलेल्या आकड्यातून इंजिनाने जाळलेलं वजा करत जातं. वरून नळी घालून कॅनमध्ये काढून दिलेलं तेल त्याला कळत नाही. ते त्याला माणसानेच सांगावं लागतं.

चाचा धावत स्टँडवर गेले, मी मागे. समोर पहिली दिसली त्या रिक्षात बसले. रिक्षावाला सवयीने म्हणाला, "चाचा, अर्धा लिटरच..." "चल," चाचा म्हणाले. बंदरावर म्हातारा तांडेल जाळं विणत बसला होता. चाचांनी कागद त्याच्यापुढे धरला.

"ह्या पस्तीस मिनटं काय करत होतास?"

"चाय पीत होतो."

"पस्तीस मिनटं चाय? घमेल्यातून प्यालास काय?"

"नमाज पडलो असेन मग."

"मियां, वेळ बघ ह्याच्यावर. नमाजाची वेळ नाय ती."

म्हाताऱ्याने सुई खाली ठेवली. "चाचा, तुमचा ह्या यंत्र पाठीमागं डोळा लावून असतो, ता मना आवडत नाय. जे दिला त्याची गोष्ट करत नाय आपन. तुमाला ठावं हाय."

"नाव नको मना," चाचा म्हणाले. "कुनाला दिलास ता अल्लाला ठावं. किती दिलास तेवढा सांग. मुबीन अजून आला नाय."

म्हाताऱ्याने तोंडातून शब्द न काढता तीन बोटं वर केली. तीन कॅन. पस्तीस पस्तीस लिटरचे.

चाचांनी त्याच कागदाच्या मागे पेन्सिलीने गणित केलं. तीन कॅन म्हणजे जाळं ओढायच्या चालीने आठ तासांचं तेल. म्हणजे सव्वीस तास कधी नव्हतेच, अठराच होते. म्हणजे लाँच सकाळी सहाला बंद पडली, जाळं ओढत असतानाच, कोळंबी लागली होती तिथे, पूर्णगडाच्या समोर खोल पाण्यात. दुपारपर्यंत जमिनीवरच्या वाऱ्याने तिला बाहेर ढकललं असेल, आणि दुपारनंतर वायव्येचा सुटला की किनाऱ्याकडे, खडकांकडे. त्यांनी कागदावर किनाऱ्याची रेघ ओढली, लाँच असेल तिथे फुली मारली आणि तो कागद जवळच उभ्या असलेल्या एका लाँचच्या तांडेलाच्या हातात दिला. तो पंख काढणारा माणूस होता. त्याने लगेच इंजिन चालू केलं. म्हातारा तांडेल जाळं तसंच टाकून त्याच्या लाँचवर चढला.

संध्याकाळी, ऊन अजून मांडवीच्या वाळूवर असताना, दोन लाँची दोराने बांधलेल्या आत आल्या. नांगर धरत नव्हता. मुबीनची लाँच नांगरासकट वाहत खडकांपासून अर्ध्या कोसावर आली होती. आणि ऐका, सकाळपासून मुबीन करत काय होता? इंजिन बंद पडलं तेव्हा मशीन सांगत होतं, शंभर लिटर तेल आहे. तेव्हा तेल संपलं हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याने पंप खोलला, फिल्टर खोलला, सहाही नोझलं काढून पुसून पुन्हा बसवली, एकदा नव्हे, तीनदा. टाकीत काठी घालून बघावं, तर काठी मिरच्यांना टेकू देत होती. कोपरापर्यंत काळे हात घेऊन तो धक्क्यावर उतरला आणि पोरासारखा रडत म्हणाला, "चाचा, मशीन खोटा बोलला."

चाचीने त्याचं ते काळं तोंड आपल्या ओढणीने पुसलं. चाचा म्हणाले, "नाय रे बाळा. त्याला कुनी सांगितलाच नाय." मग खाली वाकून त्याच्या पायातल्या तुटलेल्या सपाता काढल्या आणि स्वतःच्या त्याच्या पायात घातल्या. घरी चाचा अनवाणी गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा बांबू कापला, त्यावर खाचा पाडल्या आणि बरणीशेजारी टांगला. मग आमच्याकडे आले. त्यांना पत्रक हवं होतं. चार ओळींचं. समुद्रात द्या, देत राहा. कुणाला दिलं ते सांगू नका. बंदरावर आल्यावर किती दिलं, तेवढा आकडा घरच्याला सांगा. मी खाली जोरदार काहीतरी लिहायला निघाले, तर म्हणाले, "नको. प्रचंड नको." बर्फाच्या कारखान्याच्या दारावर ते लावलं. बरकतीची भीती असणारे कुरकुरले. म्हातारा तांडेलच त्यांना म्हणाला, "बोट वर केला तर बरकत जात नाय. मी करून बघितला."

त्यानंतर चार वर्षांनी चाचा गेले. आदल्या मोसमापासून मला दिसत होतं, की छापखान्याच्या दोन पायऱ्या चढल्यावर ते भिंतीला हात लावून उभे राहतात. विचारलं की म्हणत, "फस क्लास." दुसऱ्यांच्या लाँचीवर जात, उन्हात तासन् तास वाकून नोझलं काढत, आणि बोलावणाऱ्याला नाही म्हणत नसत. ते गेल्यावर चाचीला त्यांच्या कपड्यांच्या खाली डॉक्टरांचे कागद मिळाले, दोन वर्षांपूर्वीचे. जिने चढायचे नाहीत, वजन उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही. तिने ते मला वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. वर्कशॉपच्या दोरीवरच्या कागदांवर सकाळचं ऊन पडलं होतं. चाचीने ते कागद घडी घालून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मना एकदा सांगायचा होता ना. मी काय नाय बोलली असती. जवळ बसली असती फक्त." मला चाचांचा राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. हे पान बाजूला ठेवलंत की उठा. तुम्ही कुणाकुणाला काय काय देत आलात, ते तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. पण आज, दिवस मावळायच्या आत, घरातल्या एका माणसाला जवळ बसवा आणि तुमच्यात आता खरोखर किती उरलंय, ते त्याला सांगा. तुम्ही वाटेत कुठे थांबलात, तर कुठे शोधायचं, एवढं तरी त्याला कळू द्या.